पुरस्कारांच्या याद्या आणि आपली कादंबरी

20 मे 2025 रोजी लंडनमध्ये बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार जाहीर झाला. तेव्हापासून मुस्लिम मराठी साहित्याविषयी आस्था असणाऱ्यांच्या बैठकांत एक प्रश्न हटकून निघतो : मराठीत आपली बानू मुश्ताक कोण? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पुस्तक वाचलेले असते. हसन या कर्नाटकातील गावात वकिली करणारी, 1948 साली जन्मलेली एक मुस्लिम स्त्री कन्नडमध्ये लिहिते आणि तिच्या लेखनाची दखल जग घेते, एवढ्यावरच अभिमान आणि खंत या दोन्ही भावना एकाच वेळी उसळून येतात. आम्हांला वाटते की हा प्रश्न विचारण्याआधी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. मराठीत अशी लेखिका उद्या आली, तर तिला वाचणारे कोण आहेत?

या लेखातील 'आम्ही' म्हणजे बारामती आणि इंदापूर परिसरातील उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे काही शिक्षक. कोणी मूळचे सोलापूरचे, कोणी बीडचे, कोणी मालेगावचे. नोकरीने इकडे आणलेले. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि पंचायत समितीच्या कार्यालयात मराठी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. गेल्या काही वर्षांत आम्ही पुरस्कार मिळालेली आणि पुरस्काराच्या यादीत आलेली पुस्तके एकत्र वाचण्याचा प्रघात पाडला आहे. याला संस्था म्हणता येणार नाही. ना अध्यक्ष, ना पावतीपुस्तक. एक प्रत विकत घ्यायची, ती हातोहात फिरवायची आणि सुटीच्या दिवशी बसून बोलायचे, इतकेच. मराठी पुस्तक पुण्याहून सहज येते. उर्दू पुस्तकासाठी मालेगाव किंवा मुंबईचा भेंडीबाजार गाठणाऱ्या कोणाच्या तरी पाहुण्याची वाट पाहावी लागते. शिक्षकी पेशाची एक खोड आमच्यात आहे, ती येथेच सांगून टाकतो : पुस्तक मिटले की आम्ही त्याला गुण देतो. शंभरपैकी. परीक्षक मंडळाने दिलेला निकाल आणि आमचा निकाल यांत बहुधा मेळ नसतो, आणि चर्चेला खरी रंगत तेथूनच येते.

पुरस्कारांच्या याद्या समोर ठेवून वाचू लागलो तेव्हा एक योगायोग आमच्या लक्षात आला. 2004 साली साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीला मिळाला. त्याच वर्षी उर्दूचा पुरस्कार सलाम बिन रज्जाक यांच्या 'शिकस्ता बुतों के दरमियान' या कथासंग्रहाला मिळाला. सलाम बिन रज्जाक 1941 साली पनवेलला जन्मले आणि मुंबई महापालिकेच्या शाळेत त्यांनी शिक्षकी केली. 2018 साली मराठीत म. सु. पाटील यांच्या 'सर्जनप्रेरणा आणि कवित्वशोध' या समीक्षाग्रंथाला, तर उर्दूत चिपळूणच्या रहमान अब्बास यांच्या 'रोहज़िन' या कादंबरीला. 2023 साली मराठीत कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला, उर्दूत खोपोलीच्या सादिका नवाब सहर यांच्या 'राजदेव की अमराई'ला. म्हणजे तीन वेळा असे घडले की एकाच वर्षी, एकाच संस्थेकडून, महाराष्ट्रातील दोन लेखकांचा दोन भाषांसाठी सन्मान झाला. पनवेल, चिपळूण, खोपोली ही गावे काही लखनौ-दिल्लीच्या वाटेवर नाहीत. तरीही मराठी वृत्तपत्रांत त्या त्या दिवशी मराठी लेखकाचा सत्कार पहिल्या पानावर आणि उर्दूचे नाव आतल्या यादीत, भाषांच्या क्रमाने. उर्दू वृत्तपत्रांनी याच्या नेमके उलट केले, हेही नोंदवले पाहिजे. शेजारी राहणाऱ्या दोन वाचकवर्गांना एकमेकांचा आनंद कळू नये, याची व्यवस्था दोन्ही बाजूंनी चोख आहे.

आम्ही मात्र दोन्ही बाजूंचे वाचक. म्हणून 'बारोमास' आणि 'शिकस्ता बुतों के दरमियान' एकापाठोपाठ वाचली. शेतकरी कुटुंबातील, शिकूनसवरून बेकार राहिलेला, शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितलेले पैसे उभे करू न शकणारा एकनाथ हा 'बारोमास'चा नायक आमच्यातील प्रत्येकाला आपल्या बी.एड.च्या वर्गातला वाटला. त्या कादंबरीला आमच्याकडे सर्वाधिक गुण मिळाले, आणि ते देताना हात आखडला नाही. सलाम बिन रज्जाक यांच्या कथा मात्र हळूहळू आत उतरल्या. त्यांच्या कथेतील सामान्य माणूस महानगरात घुसमटतो, दंगलीच्या सावलीत वावरतो. परंतु लेखक आवाज चढवत नाही. मराठी कथांचे उर्दू अनुवादही त्यांनी केले. 2024 साली ते गेले तेव्हा उर्दू रिसाल्यांत त्यांच्यावर लिहिले गेले, ते योग्यच झाले. पण मराठी कथा उर्दूत नेणाऱ्या या माणसाचे मराठीवर काही ऋण होते, हे किती मराठी वाचकांना माहीत होते?

आता ज्या मुद्द्याने आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला त्याकडे येतो. चिपळूणने दोन भाषांना दोन कादंबरीकार दिले. हमीद दलवाई मिरजोळीचे. त्यांची 'इंधन' ही मराठी कादंबरी 1965 साली प्रसिद्ध झाली. पुढे दिलीप चित्रे यांनी ती इंग्रजीत नेली. रहमान अब्बास 1972 साली जन्मले. त्यांची 'रोहज़िन' 2016 साली उर्दूत आली, जर्मन आणि इंग्रजीत गेली आणि इंग्रजी अनुवादामुळे 2022 च्या जेसीबी पुरस्काराच्या लांब यादीत पोचली. एकाच मातीतून आलेल्या या दोन कादंबऱ्यांमध्ये अर्ध्या शतकाचे अंतर आहे आणि दोघींचीही आपल्या समाजातील वाट कठीण आहे. कारणे वेगळी.

'इंधन'चे नाव काढताच आमच्यातील एका ज्येष्ठ सरांनी ती हातात घेणार नाही असे सांगितले. त्यांचा राग कादंबरीवर नव्हता. 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या दलवाईंवर होता. हा राग त्यांच्या पिढीत मोठा आहे आणि त्याची कारणे त्यांना तोंडपाठ आहेत. आम्ही त्या वादात शिरलो नाही. दलवाईंचे राजकीय लेखन ज्यांना मान्य नाही त्यांनी त्याचा प्रतिवाद जरूर करावा. पण 'इंधन' हे त्या लेखनाचे परिशिष्ट नाही. मंडळ स्थापन होण्याच्या पाच वर्षे आधी लिहिलेली ती कादंबरी आहे. आजारपणानंतर बऱ्याच वर्षांनी आपल्या कोकणातील गावी परतलेला निवेदक, त्याच्या घरातील ताण, आणि गावातील मुसलमान, कुळवाडी, महार यांच्या संबंधांत साठत गेलेले जळण असा तिचा पट आहे. गाव पेटते ते बाहेरून कोणी काडी टाकली म्हणून नव्हे. जमीन, कुळकायदा, इभ्रत, बाई यांच्या गाठी आतूनच आवळत जातात. निवेदक स्वतःही निर्दोष राहत नाही, हे तर दलवाईंच्या टीकाकारांनी आणि चाहत्यांनी दोघांनीही वाचलेले दिसत नाही. सुधारकाने समाजाला आरसा दाखवला अशा कौतुकाने ही कादंबरी वाचणे हा तिच्यावर अन्यायच आहे, कारण तो आरसा निवेदकाकडेही वळलेला आहे. आम्ही तिला पंच्याऐंशी गुण दिले. ज्येष्ठ सरांनी दिले नाहीत. त्यांनी ती अखेर वाचली की नाही, हेही त्यांनी सांगितले नाही.

'रोहज़िन'ची अडचण निराळी. कादंबरीचे नावच लेखकाने घडवलेले आहे : रूह आणि हुज़्न, आत्मा आणि दुःख, यांचा जोड. कोकणच्या किनाऱ्यावरून मुंबईला आलेला असरार आणि हिना यांची ही कहाणी. त्यांचा शेवट लेखक पहिल्याच पानावर सांगून टाकतो आणि जुलै 2005 च्या त्या भयंकर पावसाकडे कथा सरकत राहते. शेवट ठाऊक असूनही आपण वाचत राहतो, ही मोठी ताकद आहे. मुंबईतील मुस्लिम वस्ती, जमातीच्या खोल्या, समुद्र, गल्ल्या, अफवा, फिरके, प्रार्थना, वासना असे सारे या कादंबरीत एकमेकांत मिसळलेले आहे. उर्दू गद्याची अशी लय आम्ही अलीकडे वाचली नव्हती. पण असरारचा त्याच्या शाळेतील शिक्षिकेशी, जमीला मिसशी, आलेला संबंध! त्या पानांवर आमची बैठक जवळजवळ मोडली. सगळे शिक्षक. एका सरांनी विचारले, हे पुस्तक घरात कुठे ठेवायचे? एका आपांनी उत्तर दिले की जेथे मंटो ठेवता तेथेच. हशा पिकला, पण त्या आपांचाच पुढचा आक्षेप अधिक गंभीर होता. त्यांचे म्हणणे असे, की या कादंबरीत पुरुषाच्या इच्छेला जेवढी भाषा मिळाली आहे तेवढी हिनाच्या इच्छेला मिळालेली नाही. हिना सुंदर आहे, दुःखी आहे, पण पुष्कळदा ती असरारच्या डोळ्यांतूनच दिसते. अश्लीलतेची तक्रार करणाऱ्यांपेक्षा ही तक्रार आम्हांला महत्त्वाची वाटते. रहमान अब्बास यांच्या पहिल्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, तो अनेक वर्षे चालला आणि 2016 साली ते त्यातून निर्दोष सुटले. ज्या वर्षी सुटले त्याच वर्षी 'रोहज़िन' आली. लेखकाला न्यायालयात खेचणारा वाचक आणि हिना अपुरी राहिली म्हणणारा वाचक या दोघांनाही कादंबरी आवडलेली नाही असे वरवर दिसेल. पण दुसऱ्याने ती मन लावून वाचली आहे.

बानू मुश्ताक यांच्याकडे वळताना ही आपांची तक्रार लक्षात ठेवावी. 'हार्ट लॅम्प'मधील बारा कथा 1990 ते 2023 या काळात लिहिलेल्यांतून निवडलेल्या आहेत. अनुवाद दीपा भास्ती यांचा. पुरस्काराचे पन्नास हजार पौंड दोघींत निम्मे-निम्मे वाटले गेले. आमच्या बैठकीत इंग्रजी शिकवणाऱ्या सहकाऱ्याने एकेक कथा वाचून तोंडी सांगितली. बायको म्हणजे आपले सर्वस्व, तिच्यासाठी महाल बांधू, अशा बाता मारणारा नवरा बाळंतपणानंतर ती मरताच थोड्याच दिवसांत दुसरी नवरी आणतो, ही शाइस्ताची कथा. मुलीच होतात म्हणून नवऱ्याने टाकलेली बाई न्याय मागायला मशिदीच्या दारात जाऊन बसते आणि मुतवल्ली तिला टाळत राहतो, ही दुसरी. गिरीश कासारवल्ली यांनी 2004 साली हिच्यावरूनच 'हसीना' हा चित्रपट केला. या कथा ऐकताना कोणीही 'ही कर्नाटकातील गोष्ट आहे' असे म्हटले नाही. आमच्या बैठकीतील बायका तर कथा संपण्याआधीच त्यातील पात्रांना आपापल्या गावातील नावे देऊ लागल्या होत्या.

पुरस्काराला योग्य कथा कोणत्या, यावर आमचा विचार असा झाला की बाराही एका उंचीच्या नाहीत. काही ठिकाणी लेखिकेतील वकील कथाकारापेक्षा पुढे धावते. प्रसंग पुरावा म्हणून मांडला जातो. पण अशा प्रत्येक जागी कोणती तरी आई, सासू किंवा शेजारीण असे काही बोलून जाते की खटला पुन्हा घर होतो. ही विनोदाची धार मराठीतील आपल्या लेखनात फार कमी आढळते. आपण आपल्या दुःखाविषयी लिहिताना इतके गंभीर होतो की आपली माणसे हसतातसुद्धा, हे विसरतो. आमच्या खाला, फुफी, नानी यांच्या तोंडच्या दखनीत जेवढा खवचटपणा आहे त्याचा दहावा हिस्साही आपल्या कथांत उतरलेला नाही.

दीपा भास्ती यांनी अनुवादात एक गोष्ट ठामपणे केली. मूळ कन्नडमधील उर्दू, दखनी, अरबी शब्द त्यांनी तिरप्या ठशात घातले नाहीत आणि तळटीपाही दिल्या नाहीत. लंडनच्या वाचकाला अडले तर अडू दे. आता आपली पुस्तके उघडून पाहावी. 'तिने वुजू (नमाजपूर्वी हातपाय धुण्याचा विधी) केला', 'दस्तरखान (जेवणासाठी अंथरायचे कापड) अंथरला', 'अब्बा (वडील) म्हणाले'. अब्बाचा अर्थ कंसात! आमच्या संग्रही असलेल्या मुस्लिम मराठी कथांच्या पुस्तकांत असे कंस ठायी ठायी आहेत. हा कंस वाङ्मयीन दृष्ट्या निरुपद्रवी नाही. लेखकाने आपला वाचक कोण मानला आहे, हे तो उघड करतो. घरातल्या माणसाला कोणी 'अब्बा'चा अर्थ सांगत नाही; म्हणजे लिहिताना लेखक घरात बसलेला नसून दारात उभा आहे आणि आलेल्या पाहुण्याला घर दाखवतो आहे. पाहुण्याला घर दाखवताना आपण काय करतो? पसारा झाकतो. भांडण थांबवतो. चांगली चादर अंथरतो. आपल्या कित्येक कथांत असे आवरलेले घर दिसते, आणि आवरलेल्या घरात कादंबरी घडत नाही. दलितांच्या आत्मकथनांनी मराठीला आपल्या वस्तीतील शब्द कंसाविना पचवायला लावले. मराठी वाचक ते शिकला. 'वुजू' शिकायला त्याला काय जड जाणार आहे?

येथे कोणी म्हणेल की पुरस्कार मिळत नाहीत याचे कारण कंस नव्हे, पक्षपात आहे. आकडे आणि नावे पाहू. साहित्य अकादमीचे पुरस्कार 1955 पासून दिले जातात. 2024 पर्यंतच्या मराठीच्या मुख्य पुरस्काराच्या यादीत एकही मुस्लिम लेखक नाही. याच संस्थेने असमियात सय्यद अब्दुल मलिक यांना 1972 साली, बंगालीत सय्यद मुस्तफा सिराज यांना 1994 साली, तमिळमध्ये तोप्पिल मोहम्मद मीरान यांना 1997 साली, कन्नडमध्ये बोळुवारु महमद कुंञी यांना 2016 साली पुरस्कार दिला. चौघेही कथा-कादंबरीकार, आणि या चारही जणांचा सन्मान कथात्म लेखनासाठीच झाला. म्हणजे संस्थेला मुस्लिम लेखकाचे वावडे आहे असे म्हणता येत नाही. मग मराठीतच हे का?

पुरस्काराची पद्धत थोडी जाणून घेतली तर काही उलगडते. ठरावीक पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तकेच विचारात घेतली जातात. 2023 च्या पुरस्कारासाठी 2017 ते 2021 मधील पुस्तके होती. त्या मुदतीत पुस्तक निघाले पाहिजे, जाणकारांच्या डोळ्यांसमोर आले पाहिजे, कोणी तरी त्याचे नाव सुचवले पाहिजे, आणि शेवटी तीन परीक्षकांच्या टेबलावर पोचले पाहिजे. आपले पुस्तक बहुधा लेखकाच्या भविष्यनिर्वाह निधीतून निघते, संमेलनाच्या मंडपात विकले जाते आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात. त्यावर लिहिणारेही आपणच, वाचणारेही आपणच. पक्षपात करण्यासाठी तरी आधी परीक्षकाच्या हातात पुस्तक पडायला हवे.

बानू मुश्ताक यांची घडण येथे तपासण्यासारखी आहे. आठव्या वर्षी त्यांना कन्नड शाळेत घातले गेले. पुढे बंडाय चळवळीत त्या आल्या. 'लंकेश पत्रिके'साठी त्यांनी वार्तांकन केले. त्याच नियतकालिकातून सारा अबूबक्कर यांची 'चंद्रगिरिय तीरदल्ली' ही कादंबरी क्रमशः आली होती. म्हणजे मुस्लिम स्त्रीचे लेखन तेथे सर्व कन्नड वाचकांच्या साप्ताहिकात, राजकारणाच्या आणि भ्रष्टाचाराच्या बातम्यांशेजारी छापले जात होते. आपल्याकडे 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या संमेलनाने आणि नंतरच्या चळवळीने आपल्याला आत्मभान दिले, फ. म. शहाजिंदे यांची कविता दिली, फकरुद्दीन बेन्नूर यांचे विचारगर्भ लेखन दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण कविता आणि वैचारिक लेख यांच्या तुलनेत कादंबरी मागे राहिली. कविता एका रात्रीत लिहिता येते; संमेलनात वाचता येते. कादंबरीला चार वर्षे, एक खोली आणि घरच्यांची माफी लागते. राजन खान यांच्यासारखा लेखक सातत्याने कथा-कादंबरीत राहिला, त्यांच्या 'हलाल' आणि 'सत ना गत' यांवर चित्रपटही निघाले. पण त्यांना आपण 'आपल्या' यादीत धरायचे की नाही यावरच आपली शक्ती खर्च होते.

पुरस्कार परत करणे, नाकारणे हाही एक प्रकार आहे, तो जाता जाता नोंदवतो. रहमान अब्बास यांनी 2015 साली राज्य उर्दू अकादमीचा पुरस्कार परत केला. नंदा खरे यांनी 'उद्या'साठी जाहीर झालेला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार घेतला नाही. आमच्या बैठकीत यावर एका तरुण सरांचा अभिप्राय असा पडला की नाकारण्यासाठी तरी एकदा मिळू दे.

मराठी कादंबरीत आपण आहोत कोठे, हाही प्रश्न आहेच. ग्रामीण कादंबरीत मुलाणी येतो, बकरे कापून आपला वाटा घेऊन जातो. अत्तार फाया लावून जातो, बागवान तराजू धरतो, पिंजारी धनुकली वाजवतो. त्यांच्या घरात काय शिजते, हे दिसण्याआधीच ते पान उलटलेले असते. अपवाद आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील आयबू हा अनाथ पोरगा मास्तरच्या सोबतीला शाळेत झोपायला येतो. त्याच्या एकटेपणाला माडगूळकरांनी जी माया दिली ती आम्हां शिक्षकांना विसरता येत नाही. पण आयबूलाही स्वतःची गोष्ट नाही. तो मास्तरच्या गोष्टीत आहे. 2024 चा युवा पुरस्कार मिळालेली देवीदास सौदागर यांची 'उसवण' वाचताना हे पुन्हा जाणवले. तयार कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा खाल्ला याची ही कादंबरी. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. आमच्या चार घरांपैकी एका घरात शिलाई मशीन आहे. ती मशीन गेल्या वीस वर्षांत कशी बंद पडत गेली हे आमच्या प्रत्येक सहकाऱ्याला ठाऊक होते, लिहिले दुसऱ्याने. त्यात आम्हांला असूया वाटली नाही. आपल्या घरातले दुःख कोणी तरी नीट मोजून कापले आहे, असेच वाटले.

तसेच 'रिंगाण'चे. धरणामुळे उठलेले गाव, नव्या जागी रुजू न शकलेली माणसे, आणि जुन्या ठिकाणी मागे राहिलेली, रानटी होत गेलेली म्हैस आणायला परत गेलेला देवाप्पा. कथानक एवढेच. कादंबरीचा बराचसा भाग माणूस आणि जनावर एकमेकांना जोखत असतात. बारामतीच्या सहकाऱ्यांना ती संथ वाटली. त्यांनी साठ गुणांवर थांबवली. कऱ्हेच्या काठी राहणाऱ्यांना कालव्याचे पाणी माहीत आहे, धरणाचे नाही. इंदापूरकरांचे मत एकदम निराळे पडले. उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा कळस आणि दगड वर येतात आणि लोक पाहायला जातात. आमच्या एका सहकाऱ्याच्या घराण्याचे जुने कबरस्तान असेच पाण्यात आहे. त्याचे आजोबा शबे-बरातच्या रात्री फातेहा पढायला काठावर उभे राहायचे आणि अंदाजाने पाण्याकडे तोंड करायचे. 'रिंगाण'मध्ये एकही मुसलमान पात्र नाही, कबर नाही, फातेहा नाही. तरी तो म्हणाला, की आपल्या समाजावर लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकात त्याला आजोबा भेटले नव्हते, ते येथे भेटले. देवाप्पा म्हशीला हाका मारतो त्या पानांवर. यावर दुसऱ्या एकाने विचारले, मग पाण्याकडे तोंड करून फातेहा पढणाऱ्या आजोबांची कादंबरी कोण लिहिणार? सहकारी काही बोलला नाही. त्याने इंदापूरच्या गुणांची बेरीज केली, ब्याण्णव भरली.

त्या दिवशी राहिलेले काम शब्दाचे होते. आमच्यातील दोघी बाजी मालेगावकडच्या, मराठी बोलतात पण देवनागरी वाचायला त्यांना वेळ लागतो. त्यांच्यासाठी आम्ही कादंबरीचा गोषवारा उर्दूत उतरवत होतो आणि नावाशीच अडलो. दायरा म्हणावे तर ते भूमितीचे वाटते. घेरा म्हणावे तर शिकारीचा भास होतो, जो थोडासा बरोबर आहे. हल्का फारच मतदारसंघासारखा. शेवटी कोणाला तरी आठवण झाली की तुकोबांची पालखी बेलवाडीला आणि इंदापूरला थांबते तेव्हा घोडे धावतात ते रिंगण दोघींनीही वर्गातील मुलांबरोबर पाहिले आहे. तेव्हा शब्द बदलायचा नाही असे ठरले. उर्दू लिपीत 'ण' नाही. नूनवर काम भागवले, आणि वहीत पहिल्या ओळीला 'रिंगान' असे लिहून, कंस न घालता, पुढे सुरुवात केली.